अकोलेवालीचा स्टो

वहिनी,

काल तुमची तेरावी झाली. तुम्ही असतात तर पंगती उठायच्या आत मला गाठून विचारलं असतं, "भाऊजी, पंपाले हात तं नाई लावला ना?" नाही लावला. कोणी लावूच दिला नाही. ते सांगतोच, पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या.

आपल्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. भाजी विकताना जीभ मोकळी सुटते आणि घरी आल्यावर तिला आवरायचं राहून जातं, हे दादाचं म्हणणं. पण मी ओसरीवर गोष्ट सांगायची आणि तुम्ही स्वयंपाकघरातून ती दुरुस्त करायची, अशी आपली वाटणी होती. मी म्हणावं, "तेव्हा चुलीवर तवा होता," की आतून आवाज, "कढई होती, भाऊजी." मी म्हणावं, "मी एकटा पुढे झालो," की आतून, "मांगं झाले होते. मी पाह्यलं." मी फार चिडायचो. गेले बारा-तेरा दिवस लोक भेटायला येत आहेत, प्रत्येकाला स्टोची गोष्ट ऐकायची आहे, आणि मी सांगतो आहे. कोणी दुरुस्त करत नाही. मी मधूनमधून थांबतो, तुमच्यासाठी जागा सोडून. पाहुण्यांना वाटतं, याला गहिवरून आलं. आलेलं असतंही, पण थांबतो तो त्यासाठी नाही.

म्हणून आज ती गोष्ट तुम्हालाच सांगतो.

तुम्ही अकोल्याहून लग्न होऊन आमच्या मळ्यातल्या घरात आलात तेव्हा आमचं घर धुरात होतं. आमचं माळ्याचं घर. वांगी, मेथी, झेंडू पिकवावं आणि अमरावतीच्या इतवारा बाजारात नेऊन विकावं. सरपण म्हणजे शेजारच्या शेतातून आणलेली पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ती वाळकी काडी, भरकन पेटते आणि पेटण्याआधी घरभर धूर करते. त्या धुरात माय फुंकणी घेऊन बसायची आणि खोकायची. आम्ही भाऊ त्या खोकल्यानंच सकाळी उठायचो. आम्हाला तो कोंबड्याच्या आरवण्यासारखा नेहमीचा झाला होता. तुम्ही नव्या होतात, तुम्हाला तो ऐकू आला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मायची छाती तपासून सांगितलं होतं की धूर सोडा, नाहीतर एखादा हिवाळा जड जाईल. मायनं घरी येऊन सांगितलं की डॉक्टर पोरगेला आहे. तुम्ही म्हणालात, "आत्याबाई, चुलीपाशी मी बसते ना." त्यावर माय म्हणाली, "चूल माही हाय. दुसऱ्याच्या हातची भाकर माह्या गळ्याखाली उतरत नाई." विषय संपला. म्हणजे आम्हाला वाटलं संपला.

दिवाळीला तुम्ही माहेरी गेलात. भावानं विचारलं, पातळ घेऊ की पाटल्या करू? तुम्ही म्हणालात, इस्टो. असला पंपाचा स्टो तेव्हा डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यावर असायचा, नाहीतर दुकानाच्या काचेत. तुमच्या भावानं तो अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत गाडीत मांडीवर धरून आणला, पुढे टांग्यात. पिवळंधमक पितळ, तीन पाय, पोटाला पंपाची नळी. मायनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे समई हाय का हुक्का?"

"समईसारखं पेटते अन् हुक्क्यासारखं वढते," तुम्ही म्हणालात, "पन धूर नाई करत, आत्याबाई."

पेटला. खरोखर धूर नाही. माय दूर बसून पाहत होती. तिनं त्याला हात लावला नाही, पण चूलही पेटवली नाही, हे तुम्ही पाहिलं आणि मी पाहिलं. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आमच्या घरी खोकला कमी झाला, बोलणी मात्र वाढली. "इस्टोवरची भाकर म्हन्जे कागद," माय म्हणायची. "लेहून पोस्टात टाकाव." आणि खायची.

मग स्टो बिघडू लागला. आधी आच पिवळी पडली. मग तवा काळा होऊ लागला. मग पंप मारला की नुसता दांडा वरखाली व्हायचा, पोटात हवाच जायची नाही. दादाला स्टोचा फार अभिमान, सासरचा ना. तो रोज निगुतीनं पंप खोलायचा आणि आतल्या चामड्याच्या वायसराला जवसाचं तेल पाजायचा. आमच्या घरात चामडं म्हटलं की जवसाचं तेल, हे ठरलेलं. विहिरीवरच्या मोटेला जवस, बैलांच्या सामानाला जवस. आमच्या आजोबानं मोटेला तेच लावलं, बापानं तेच लावलं, आणि अमरावतीत आमच्या मोटेसारखी टिकाऊ मोट कोणाची नव्हती. मग वायसर काय वेगळं? स्टो जेवढा रुसायचा तेवढं दादा जास्त तेल पाजायचा.

आणि मी? मी उभ्या आयुष्यात दोन हंगाम अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात कामाला होतो. काम सरकीच्या गोण्या शिवायचं, पण खिडकीतून तेलाचं इंजिन दिसायचं. तेवढ्यावर मी घरात इंजिनियर झालो होतो. मी निदान केलं: हवा कमी पडते. बसलो आणि मारला पंप. दांडा कडक झाला होता, मी त्याहून कडक झालो. एकदम आतून घासलेट पातळ धारेनं वर आलं, आणि धड न तापलेल्या बर्नरवर पडून जो भडका उडाला, तो थेट वर टांगलेल्या लसणाच्या जुड्यांना जाऊन भिडला. जाता जाता माझी मिशी घेऊन गेला. तुम्ही पोतं टाकून विझवलं. मी पुढे झालो होतो असं मी सांगत आलो आहे. ठीक आहे, मागे झालो होतो.

घरभर भाजल्या लसणाचा वास आणि त्यात माझ्या मिशीचा. माय दारात उभी.

"न्या त्याले गोठ्यात," ती म्हणाली. "पोळा झाला का कोनीतरी अकोल्याले जा अन् परत देऊन या. म्हना, तुमची वस्तू तुमच्यापाशी ठेवा. अन् माही चूल मले द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा खोकल्यानं उठलो. पावसाळ्याचे दिवस, पऱ्हाटी ओलसर, धूर पहिल्यापेक्षा दुप्पट. माय फुंकणीवर वाकायची, फुंकायची, मग भिंतीला हात टेकून दम घ्यायची. डॉक्टरनं सांगितलेला हिवाळा पोळ्यानंतर फार दूर नसतो. दादा मोटेवर निघून जायचा, मी बाजारात. ऐकायला तुम्ही एकट्या घरी.

दुपारी कामं आटोपली की तुम्ही गोठ्यात जायचात. स्टो खोलायचात, एकेक भाग सुपात मांडायचात: दांडा, वायसर, चाकी, बर्नर, निपल, पिन. ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे. परत लावायचात, पुन्हा खोलायचात. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "अकोलेवालीनं गोठ्यात दुकान मांडलं वाट्टे." तुम्ही म्हणालात, "हो, या ना, भोवनी करा."

तुम्हाला एकच गोष्ट खटकत होती, ती तुम्ही दादाला विचारली होती. "तुमी कालच तेल पाजलं, मंग आज हा वायसर पापडासारखा खडखडीत काहून?" दादा म्हणाला, "पेते बिचारा. अजून देतो." तुम्ही बाटली त्याच्या हातातून काढून घेतलीत.

पोळा तोंडावर आला. घराची झाडलोट झाली, आणि दरवर्षीप्रमाणे दारं-चौकटींना तेल लावायचं काम माझ्याकडे आलं. मी कोणतंही काम सढळ हातानं करतो, म्हणजे सांडतो. चार दिवसांनी तुम्ही उंबरठा झाडत होतात. मी सांडलेला तेलाचा एक थेंब दगडावर होता. तुम्ही तो नखानं खरवडला, तर तो साईसारखा, सालीसारखा अख्खा निघून आला. तुम्ही केरसुणी तशीच टाकून तिथंच बसलात.

"भाऊजी, ह्या तेलाले कोनं काही केलं का?"

"कोणी नाही. वाळलं."

"वाळलं?"

"जवसाचं आहे. वाळणारच. म्हणून तर दाराला लावतात, पाणी शिरत नाही."

तुम्ही उठून गोठ्यात पळालात. पंपाच्या तोंडाशी दादानं सांडलेला थेंब होता. नखानं खरवडला. तशीच साल.

इथे आपलं भांडण सुरू होतं, वहिनी, आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात. माझं म्हणणं असं की "वाळणारच" हा शब्द प्रथम मी उच्चारला, म्हणजे शोध माझा. तुमचं म्हणणं, "तुमी दाराचं बोलले. वायसराचं मी बोलली." इतकी वर्षं दर दिवाळीला हा खटला चालला, दादा न्यायाधीश, आणि दादा दर वेळी झोपी जायचा. गेल्या दिवाळीलाही निकाल लागला नाही. आता माझ्या बाजूनं लावून घ्यायला कोणाची आडकाठी नाही, पण लावून घेववत नाही. राहू दे तसाच.

कारण पुढचं सगळं तुमचं होतं. तुम्ही दादाला बसवून समजावलंत. मोट रोज पाण्यात बुडते, रोज पिळवटते, तिच्यावर जवसाची साल धरली तरी ती मोडत राहते, तिला ते मानवतं. वायसर आचेच्या शेजारी, कोरड्या नळीत. तिथं तेच तेल वाळून त्याचं लाकूड करतं. आणि जास्तीचं तेल पंपाच्या धक्क्यानं खाली घासलेटात उतरतं, तिथून वर बर्नरात जाऊन जळतं आणि वाट बुजवून टाकतं. म्हणून आच पिवळी, म्हणून भडका. "तुमी त्याले मायेनंच मारलं," तुम्ही दादाला म्हणालात. दादा बराच वेळ मोटेकडे पाहत बसला.

नवा वायसर तुम्ही मोटेच्याच जुन्या, फाटक्या चामड्यातून कापलात. आता न वाळणारं तेल हवं होतं. ते घरात एकाच जागी होतं, मायच्या उशाशी. एरंडेलाची बाटली. तुम्ही जाऊन मागितलीत.

"कशाले पाह्यजे?" माय म्हणाली.

"पोट साफ कराले, आत्याबाई."

"कोनाचं?"

"इस्टोचं."

माय हसली नाही. पण बाटली सरकवली. मग तुम्ही बर्नर लाल करून आतली काजळी जाळायला तिच्या चुलीत घालायला गेलात, तेव्हा ती म्हणाली, "माह्या चुलीत तुहा इस्टो?" तुम्ही म्हणालात, "एकाच बिरादरीचे हायत, घेऊ द्या ना आंग शेकून." मायनं चिमटा तुमच्या हातात दिला. हे मी पाहत होतो. दारामागून, खरं आहे, पण पाहत होतो.

ओसरीवर तुम्ही तो पेटवायला बसलात. वाटीत स्पिरिट ओतलं, काकडा लावला. निळसर ज्योत बर्नरभोवती फिरत होती. मला राहवेना.

"मारा पंप!"

"थांबा."

"अहो विझेल ती!"

"विझू द्या. बर्नर तापला पाह्यजे, तुमी नाई."

ज्योत अगदी खाली बसली, आता गेली असं वाटलं, तेव्हा तुम्ही हवेची चाकी आवळलीत आणि हलकेच दांडा दाबलात. भुर्रर्र. निळं, गोल, ताठ फूल. दादानं टाळी वाजवली. मी, मिशी नसलेल्या तोंडानं, विनाकारण शेजाऱ्यांना हाका मारल्या. तुम्ही आमच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही मायकडे पाहत होतात.

माय म्हणाली, "आवाज लय करते."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्या आवाजानं उठलो. फुंकणी कोनाड्यात होती, ती मग तिथंच राहिली. डॉक्टरनं सांगितलेला हिवाळा आला आणि गेला, आणि त्याच्यामागे कितीतरी हिवाळे, आणि माय आहे. तुम्ही नाही. हा हिशेब मला कोणी समजावून सांगावा.

तुमचं नाव मग पसरलं. अमरावतीत ज्याच्या घरी स्टो रुसला तो आपल्या मळ्याकडे चालू लागला. इतवाऱ्यातून, कँपातून, पार बडनेऱ्याच्या रेल्वेच्या चाळीतून. मला भाजीच्या गाड्यावर लोक विचारू लागले, "तुमी त्या इस्टोवाल्या बाईचे दीर का?" आयुष्यभर मी कोणाचा तरी धाकटा भाऊ होतो. ही बढती मला आवडली. मी वांगी तोलता तोलता निदानं सांगायचो आणि तुम्ही घरी ती रद्द करायचात.

पण तुमचा तो एक नियम. तो बडनेऱ्याचा रेल्वेतला फिटर आठवतो? धिप्पाड माणूस, काखेत स्टो.

"बाई, एवढा करून द्या."

"घरी चहा कोन करते?"

"आमची मंडळी."

"मंग तिले आना. तिनं खोलला पाह्यजे."

"अवो, मी इंजिनं खोलतो!"

"मंग तुमी इंजिनं खोला. हात तिचा भाजते, इस्टो ती खोलन."

फिटर माझ्याकडे पाहायला लागला. मी मेथीच्या जुड्या मोजायला लागलो. दुसऱ्या दिवशी तो बायकोला टांग्यात बसवून घेऊन आला आणि स्वतः गोठ्याबाहेर उभा राहिला. तुम्ही तिच्यापुढे सूप ठेवलंत आणि स्वतः हात मागे बांधून बसलात. ती रडकुंडीला आली, तिची बोटं काळी झाली, आणि संध्याकाळी तिनं स्वतः पेटवला. जाताना तुमच्या पाया पडू लागली. तुम्ही म्हणालात, "पाया नोको पडू. कोनाचा बिघडला तं तू शिकव." तुम्ही कोणाचाही स्टो दुरुस्त केला नाहीत, वहिनी. एकही नाही. ही गोष्ट मी लोकांना सांगतो तेव्हा ते चक्रावतात. माझा ऊर मात्र भरून येतो.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्याकडे दिरानं वहिनीची थट्टा करायची असते, तेवढं मी मन लावून केलं. आणि माझं सोडा. मायनं सांगितलं नाही. "आवाज लय करते" याच्यापुढे तिच्या तोंडून स्टोबद्दल चांगला शब्द निघाला नाही. तुम्हाला ती नावानं हाक मारायची नाही, अकोलेवाली. स्टोला ती कधी शिवली नाही. रोज शेजारी पाट टाकून बसायची आणि चुका काढायची. आच मोठी झाली, आच बारीक झाली, तेल आज कमी दिलं. तुम्ही "हो आत्याबाई" म्हणायचात. शेवटच्या तापात तुम्ही मला विचारलंत, "भाऊजी, आत्याबाई पुन्हा चुलीपाशी तं नाई बसल्या ना?" मी म्हटलं, नाही. तेव्हा ते खरं होतं. पण मलाही भीती होतीच. तुम्ही गेल्यावर घरात भात शेजारून येत होता, आणि एका सकाळी मी मायला कोनाड्यापाशी उभी पाहिली. फुंकणीकडे बघत.

आता काल.

दादानं आचारी सांगितला होता. त्यानं अंगणात भट्टी खणली, पऱ्हाटीचे भारे आणून टाकले. तेवढ्यात टांगे येऊ लागले. बायका उतरल्या, प्रत्येकीच्या कडेवर फडक्यात गुंडाळलेला स्टो, जसं लेकरू. फिटरची बायको सगळ्यांत पुढे. तिनं भट्टी पाहिली आणि आचाऱ्याला म्हणाली, "बाईच्या तेरावीले धूर? नाई. बुजवा ते." आचारी दादाकडे पाहू लागला. दादानं फावडं घेऊन स्वतः भट्टी बुजवली.

ओसरीभर स्टोची रांग लागली. मी सवयीनं एकाशी बसलो, तर फिटरची बायको म्हणाली, "भाऊजी, तुमी नोको. बाईनं सांगून ठेवलं हाय."

"काय सांगून ठेवलंय?"

"का भाऊजीले चटया टाकू द्याव्या, पंप देऊ नये."

सगळ्या हसल्या. तुमच्या तेरावीला. मी चटया टाकल्या. आणि वहिनी, जेव्हा ते सगळे स्टो एकदम बोलू लागले, तेव्हा अंगणात बोललेलं ऐकू येईना. मला वाटतं, तुमच्या गावी, अकोल्यातही गेला असेल तो आवाज. जास्त झालं का? होऊ दे. तुम्ही नाही दुरुस्त करायला.

तुमचा स्टो फळीवर तसाच होता. त्याला कोणी हात लावला नाही. नैवेद्याची भाकर तेवढी व्हायची होती. दादानं तो खाली घेतला, पुसला, आणि पुसून झाल्यावर काय करावं ते त्याला कळेना. तो तसाच धरून उभा राहिला.

तेव्हा माय पाटावरून उठली. "आन इकडे," म्हणाली.

ती बसली. सूप मागितलं. आणि वहिनी, तिनं तो खोलला. दांडा, वायसर, चाकी, बर्नर, निपल, पिन. डावीकडून उजवीकडे. वायसर अंगठ्यानं दाबून पाहिला, उशाची बाटली मागवली, त्याला एरंडेल दिलं. निपल उजेडात धरून पिननं मोकळं केलं. सगळं जागच्या जागी बसवलं. रांगेतल्या बायकांचे हात थांबले होते. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, ती शेजारी बसून चुका काढते आहे.

वाटीत स्पिरिट, वर काकडा. ज्योत फिरू लागली, खाली बसू लागली. माझी खोड जाते कुठे. मी म्हणालो, "माय, मार पंप, विझते."

"थांब," ती म्हणाली. तुमच्याच आवाजात.

मग निळं फूल उमललं. तिनं तवा ठेवला, पीठ मळलं, भाकर थापली. नेहमी थापते तशी जाड नाही. थापत गेली, थापत गेली, आरपार दिसेल अशी पातळ केली.

"माय, कागद झाला," दादा हळूच म्हणाला.

"माह्या अकोलेवालीले अशीच लागे," ती म्हणाली, आणि भाकर उलटली.

तिचे डोळे वाहत होते. बायका चुलीपुढे रडतात तेव्हा म्हणतात, धूर गेला डोळ्यात. तिलाही तसं म्हणायचं होतं, पदर डोळ्यांकडे नेऊन तिनं तोंडही उघडलं. पण धूर कुठे होता? तो तुम्ही घरात ठेवलाच नव्हता. मग माय सगळ्यांसमोर, काहीही न सांगता, तशीच रडली. आणि एवढा वेळ आचेपाशी बसून, वहिनी, ती एकदाही खोकली नाही.